मदत हवी आहे: तानपुरा मुलांपर्यंत पोचत नाही (तातडीचं)

सुरेल_दादर
पीसीवर तानपुरा लावून ऑनलाइन गाण्याचा क्लास घेते. मला तो स्वच्छ ऐकू येतो, मुलांना अजिबात नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून स्टिरिओ मिक्स (पीसीवर वाजणारं माइकसारखं पुढे देणारं इनपुट) चालू केलं. तानपुरा मुलांपर्यंत पोचला, पण माझा आवाज बंद, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचाच आवाज परत ऐकू यायला लागला. आज तर तेही नाही, सगळं चिडीचूप. ड्रायव्हर टाकून झाला, रीस्टार्ट करून झालं, तेच परत सांगू नका. सातची बॅच आहे.

ठाकुरद्वार_बॉय
विंडोज कुठलं? साउंड कार्ड मदरबोर्डवरचंच की वेगळं? स्पीकर की हेडफोन?

काळी_पाच
ताई, अ‍ॅपचा तानपुरा लावूच नका. तारा जुळवायचा रियाझ हाही शिक्षणाचाच भाग आहे. शिवाय मुलींना गायला पेटीवरची काळी चार-पाच पट्टी ठेवा, पांढरी एकला ओढू नका.

सुरेल_दादर
काळी_पाच, पट्टी मी विचारली नव्हती.
विंडोज ११, मदरबोर्डवरचंच रिअलटेक. काल स्पीकर होते, आजपासून हेडसेट.

लॅमिंग्टन_रिटर्न
सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडू नका. ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर छोटा यूएसबी मिक्सर मिळेल. एका चॅनेलला माइक, दुसऱ्याला फोनवरचा तानपुरा. बटणं हाताने फिरवायची, विषय संपला.

ठाकुरद्वार_बॉय
सातच्या बॅचला मिक्सर आणून जोडणार कधी? आणि जुन्या चाळीत अर्थिंग नसेल तर मिक्सरमधून जी घूंऽऽ येईल तिचं काय?

लॅमिंग्टन_रिटर्न
आमच्याकडे नाही येत.

ठाकुरद्वार_बॉय
तुमच्याकडे अर्थिंग असेल.
ताई, हेडसेट यूएसबीचा आहे का?

सुरेल_दादर
हो. त्याने काय फरक पडतो?

ठाकुरद्वार_बॉय
सगळाच पडतो. यूएसबी हेडसेट म्हणजे स्वतःच एक वेगळं साउंड कार्ड. स्टिरिओ मिक्स रिअलटेकचं, त्याला फक्त रिअलटेकमधून वाजणारं ऐकू येतं. आज आवाज हेडसेटमधून चाललाय, म्हणून तिथे शुकशुकाट. कालचं कोडंही सरळ आहे. क्लासला इनपुट एकच देता येतं. तिथे माइक काढून स्टिरिओ मिक्स दिलंत, तर माइक गेला. आणि पीसीवर जे जे वाजतं ते सगळं स्टिरिओ मिक्समध्ये जातं, त्यात मुलांचे आवाजही आले. म्हणून ते त्यांना परत.

पेंग्विन_मुलुंड
लिनक्स टाका. त्यात पाइपवायर आणि क्यूपीडब्ल्यूग्राफ ही आवाज जोडायची सॉफ्टवेअरं, स्क्रीनवर वायरी ओढून हवं ते हव्या तिथे जोडा. फुकट.

ठाकुरद्वार_बॉय
सातच्या आधी लिनक्स टाकायला सांगणारा पहिलाच माणूस बघितला.
ताई, व्हॉइसमीटर डाउनलोड करा, पीसीवरच आवाज मिसळायचं सॉफ्टवेअर आहे. ते टाकल्यावर मात्र रीस्टार्ट लागतोच, रागावू नका. पहिल्या हार्डवेअर इनपुटला हेडसेटचा माइक द्या आणि स्क्रीनवरच्या त्या उभ्या पट्टीवर फक्त बी (क्लासकडे जाणारी वाट) चालू ठेवा. ए म्हणजे तुम्हाला ऐकू येणारी वाट, तिथे ए वनला हेडसेट. मग सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर इथे जाऊन तानपुऱ्याचं आउटपुट व्हॉइसमीटर इनपुट करा, त्या पट्टीवर ए आणि बी दोन्ही. क्लासमध्ये माइक म्हणून व्हॉइसमीटरचं बी निवडा, स्पीकर मात्र थेट हेडसेट. मुलांचा आवाज व्हॉइसमीटरमध्ये शिरताच कामा नये.

हार्मोनियम_काका
मुळात ऑनलाइन संगतीला अर्थ नाही. तुमचा तानपुरा तिकडे पोचणार, मूल त्यावर गाणार, ते परत येईपर्यंत तुमचा ठेका पुढे गेलेला. मुलांनी आपापल्या घरी तानपुरा लावावा.

काळी_पाच
काका, ठेका तबल्याचा. तानपुऱ्याला लय कुठे आहे? उशिरा आला म्हणून षड्ज बदलत नाही.

हार्मोनियम_काका
तबला आज ना उद्या लावणारच ना त्या? तेव्हा बोला.

सुरेल_दादर
केलं सगळं सांगितलं तसं. माझा आवाज जातो, तानपुराही जातो, पण मुलांचा प्रतिध्वनी आहेच. शिवाय तानपुरा दोन सेकंद येतो आणि विरून जातो.

ठाकुरद्वार_बॉय
तानपुरा वेगळं अ‍ॅप आहे की वेबसाइट? आणि क्लास कशात?

सुरेल_दादर
दोन्ही ब्राउझरमध्येच. शेजारशेजारच्या टॅबमध्ये.

ठाकुरद्वार_बॉय
हे आधी सांगायचं हो ताई! व्हॉल्यूम मिक्सर अख्खा ब्राउझर वळवतो, टॅब वेगळा काढत नाही. तानपुऱ्याबरोबर क्लासही व्हॉइसमीटरमध्ये गेला. तानपुरा दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, तोच तिकडे वळवा. क्लासवाला पुन्हा हेडसेटवर.
विरून जाण्याचं कारण नॉइज सप्रेशन. सतत एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं ते धरून चालतं. तानपुऱ्याचा तर धर्मच सतत वाजण्याचा. क्लासच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ते बंद करा. झूम वापरणाऱ्यांना यासाठी ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स अशी सोय असते.

पेंग्विन_मुलुंड
लिनक्सवर टॅबसुद्धा वेगळे जोडता येतात. सांगून ठेवतो.

सुरेल_दादर
झालं. तानपुरा पूर्ण बॅचभर टिकला, प्रतिध्वनी गेला. नॉइज सप्रेशन बंद केल्यावर खालच्या भंगारवाल्याची आरोळीही मुलांना ऐकू गेली, ते चालवून घेईन. ठाकुरद्वार_बॉय, मनापासून आभार. तबल्याचं नंतर विचारते.

वसईकर_८२
माझ्याकडे मॅक आहे, स्टिरिओ मिक्स कुठे सापडेल?

ठाकुरद्वार_बॉय
मॅकवर ते नसतं. ब्लॅकहोल नावाचं फुकट व्हर्च्युअल डिव्हाइस मिळतं. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.