आमचे कोथरूड कसे बदलले : रहिवाशांचे अनुभव

पुण्यातील कोथरूडमध्ये ज्यांचे निम्मे आयुष्य गेले आहे, त्यांनी या परिसराच्या आठवणी येथे लिहाव्यात. पूर्वीचे दिवस चांगले होते, एवढेच न लिहिता आपल्या घरातून, गल्लीतून किंवा कामाच्या वाटेवर प्रत्यक्ष पाहिलेला बदल सांगावा आणि त्यात आपल्याला काय मिळाले, काय गेले, तेही लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाड्यांबरोबर आमच्या बिऱ्हाडाचा वाडाही पडला. त्यानंतर वडिलांनी बरीच वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोथरूडला एका सहकारी सोसायटीत घर घेतले. ‘एवढ्या लांब कशाला गेलात?’ असे नातेवाईक विचारत, आणि मंडईला निघताना आम्हीसुद्धा ‘पुण्यात जाऊन येतो’ असेच म्हणत असू. पीएमटीची शेवटची बस चुकली, तर डेक्कनपासून पायी यावे लागे. चहूकडे मोकळे माळ होते. मात्र घरात स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास होता. वाड्यात पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या माझ्या आईला त्याचे केवढे अप्रूप होते, हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही.

— कोथरूड गावठाणातून :
काकांनी मोकळ्या माळांचा उल्लेख केला आहे, म्हणून आदरपूर्वक लिहिते की त्यातली बरीचशी आमची शेते होती. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातोबाच्या देवळापासून थोड्या अंतरावर सासऱ्यांची ज्वारी उभी असे आणि विहिरीच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, वांगी होत. जमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या, कारण भाऊबंदकीत प्रत्येकाचा वाटा लहान होत गेला आणि दलाल रोज दारात बसू लागले. ज्यांनी आलेल्या पैशांतून गाळे बांधून भाड्याने दिले, त्यांची घरे सावरली. ज्यांचा पैसा लग्नकार्यांत आणि गाड्यांत गेला, त्यांच्या मुलांना वॉचमनची नोकरी धरावी लागली. आमच्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत मी स्वतः भाजीची पाटी घेऊन जात असे. तेथील बायका प्रेमाने वागत, चहा देत. पण ही जमीन कोणाची होती, हे मला कोणी कधी विचारले नाही. नवीन वस्ती झाली म्हणून रस्ते, शाळा आणि दवाखाने आले आणि माझ्या मुली शिकल्या, हेही तितकेच खरे आहे.

— पौड रस्त्यावरून :
माझे वडील याच रस्त्यावरील एका कारखान्यात कामाला होते. पाळी सुटली की सायकलींची रीघ लागे. वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. स्थानकाला जिचे नाव आहे ती वनाज ही कंपनी होय, हे नव्या प्रवाशांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

— पुनर्विकास झालेल्या सोसायटीतून :
आमची तीन मजली इमारत पाडून तेथे उंच इमारत बांधली गेली. सभासदांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालत. कोणाला किती वाढीव क्षेत्र मिळणार आणि भाडे वेळेवर मिळेल का, यावरून अनेक वर्षांचा शेजार असलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलणे सोडले होते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. जुन्या घरी ती दोन जिने उतरू शकत नसल्यामुळे घरात अडकून पडली होती, आता लिफ्टने रोज खाली बागेत जाते. म्हणून या बदलाला मी वाईट म्हणणार नाही. जुन्या बिऱ्हाडांपैकी काहींनी मात्र वाढलेला देखभाल खर्च झेपत नसल्याने घर विकले आणि ती शहराबाहेर गेली. याचा विचार बैठकांत कोणीही, मीसुद्धा, मांडला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

— सुतारदऱ्यातून :
कोथरूड म्हणजे फक्त सोसायट्या नव्हेत. टेकडीच्या उतारावर आमच्या आई-वडिलांनी पत्र्याची घरे बांधली आणि पाणी हंड्याने वर चढवले. वरील सोसायटीसारख्याच इमारतींत माझी आई धुणीभांडी करीत असे. पूर्वी ती सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाई, कारण दारे उघडी असत. आता फाटकावर ओळखपत्र दाखवून फोनवर होकार आल्यावरच तिला आत सोडतात. आमच्या वस्तीत पुढे नळ आले, विटांची घरे झाली, माझ्या पिढीतील मुले पदवीपर्यंत पोहोचली. किष्किंधानगर आणि सुतारदरा येथील ज्या मंडळींना सुरुवातीचे पाणी, पायऱ्या आणि पावसाळ्यातील दरडीची भीती आठवते, त्यांनी येथे अवश्य लिहावे; आमच्याकडील जुनी माणसे आता थोडीच उरली आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता येत नाही, तेव्हा मुलांनी त्यांच्याकडून ऐकून लिहिले तरी चालेल.