मदत हवी आहे : घरी बनवलेल्या पिनबॉलमध्ये सगळे एकच शॉट मारत बसतात, नियम कसे बदलू?

लाल_डबा :

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून तंत्रज्ञानात टाकतोय, चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी मूळचा वाईचा, सध्या शिकागोजवळ. पिनबॉलचं (उतरत्या टेबलावर बॉल टोलवत ठेवायचा खेळ) माहेर म्हणजे हेच गाव, गॉटलिब, बॅली, विल्यम्स या कंपन्या सगळ्या इथल्याच आणि स्टर्न आजही इथेच मशिनी बनवते, त्यामुळे सुटे पार्ट मिळायला त्रास नाही. त्या मोहात पडून गेली दोन वर्षं तळघरात स्वतःचं मशीन बनवतोय. थीम आहे एसटी. हसू नका, खरंच एसटी. (एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली १ जून १९४८ ला आणि खाली दोन फ्लिपर (बॉल टोलवायच्या दांड्या) असलेलं पहिलं मशीन, ट्रिपल अ‍ॅक्शन, तेही १९४८ चंच, म्हणजे पत्रिका जुळली होती.)

तर प्लेफील्ड, म्हणजे बॉल फिरतो ती फळी, नेहमीच्या मापाचं, सव्वावीस बाय बेचाळीस इंच, अर्धा इंची प्लायवूड, अजून रंग नाही, नुसतं लाकूडच आहे. डावीकडे एक मोठा रॅम्प, तो पसरणी घाट. घाट चढला की बॉल वरच्या तारेवरून पलीकडे येऊन उजव्या इनलेनमध्ये, म्हणजे फ्लिपरकडे नेणाऱ्या वाटेत, उतरतो. उजवीकडे तीन ड्रॉप टार्गेट (बॉल लागला की खाली पडणारे) आहेत, ते थांबे. मध्ये वरच्या बाजूला एक खड्डा, तो वाई स्टँड. वरती तीन बंपर, बॉलला उडवून पॉइंट देणारे. मल्टिबॉलचं (एकदम अनेक बॉल खेळात) नाव जादा गाड्या, तीन वेळा घाट चढलं की सुटतात. खरी घंटा बसवलीय, कॉइल (विजेचं चुंबक) दोरी ओढते, सिंगल बेल डबल बेल दोन्ही वाजतात, हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो आणि खेळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. सॉफ्टवेअर मिशन पिनबॉल फ्रेमवर्क.

आता रडगाणं. मागच्या शनिवारी चार मित्र सहकुटुंब आले, सगळ्यांना खेळायला दिलं. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं की घाट, घाट, घाट एवढंच मारायचं. थांब्यांकडे कोणी बघेना. एकाने उजव्या फ्लिपरवरून लागोपाठ अकरा वेळा घाट चढवला आणि मग कंटाळून ग्लास घेऊन वर निघून गेला, डाव तसाच सोडून. नियमांची चार पानं लिहून ठेवलीयत मी, दिवाळी हंगाम म्हणून शेवटचा मोड पण आहे, तिथवर कोणी पोचतच नाही.

दुसरं, वाई स्टँडातून बॉल बाहेर फेकला की दहातल्या तीन-चार वेळा सरळ दोन फ्लिपरच्या मधून खाली. आई सध्या इथे आलीय, ती म्हणाली स्टँडवरनं सुटलेली गाडी थेट खड्ड्यात कशी काय जाते रे.

घाटाचे पॉइंट कमी करून बघितले, मग कोणीच काही मारत नाही, नुसते फ्लिपर बडवतात. काय करू?

खटपट्या :

आधी एक सांगा, लाकूड कापायच्या आधी व्हिज्युअल पिनबॉलमध्ये (संगणकावरचं पिनबॉल) टेबल करून खेळला होतात का?

लाल_डबा :

नाही. ओरडा आता.

खटपट्या :

ओरडून काय होणार, कापलंत ना. पण दुखणं तुमच्या पोस्टमध्येच आहे. घाट मारायचा उजव्या फ्लिपरने आणि तार बॉल आणून ठेवते परत उजव्याच फ्लिपरवर, हातात आयता, काही रिस्क नाही. मग माणूस दुसरं का मारेल? मी असतो तर मीपण तेच केलं असतं. तार उचलून डाव्या इनलेनमध्ये उतरवता आली तर अर्धं काम होईल, बॉल डाव्या फ्लिपरवर येईल आणि डाव्याला समोर थांबेच दिसतील.

लाल_डबा :

तार डावीकडे नेली तर घंटेची कॉइल मध्ये येते दादा. दोन वीकेंड वेल्डिंगमध्ये घालवलेत त्या तारेसाठी. नियमांतून काही होईल का?

कोपऱ्यातली :

होईल. मी स्वतः मशीन बनवलेलं नाही पण सॅन होजेला असताना लीगमध्ये बरीच वर्षं खेळलेय, म्हणून खेळणाऱ्याच्या बाजूने सांगते.

तुमच्याच रस्त्यावरचं उदाहरण आहे, हाय स्पीड नावाचं मशीन, १९८६ चं, स्टीव्ह रिचीने डिझाइन केलेलं. त्यातपण रॅम्प हाच मुख्य शॉट आहे. पण आधी टार्गेट मारून सिग्नल हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल करायचा, आणि लाल झाल्यावर रॅम्पवरून सिग्नल तोडून पळायचं, मग पोलीस मागे लागतात. सिग्नल लाल नसताना रॅम्प मारलात तर बॉल छान वर जातो पण सिग्नल तोडल्याचं धरत नाहीत. आणि हे समजायला कोणाला चार पानं वाचावी लागत नाहीत कारण सिग्नल म्हणजे काय ते पाच वर्षांच्या पोरालापण माहितीय.

तुमच्याकडे तर याहून सोपी गोष्ट हाताशी आहे, तिकीट! थांबे पाडले की तिकीट मिळालं, तिकीट असेल तरच घाटाची फेरी मोजायची. बिनतिकीट चढला तर कंडक्टरने ओरडायचं आणि किरकोळ पॉइंट. म्हणजे घाट सोपाच राहतो, मारायला मजा येतेच, पण त्याच्या आधी थांब्यांवर जावं लागतं आणि थांब्यांवर आपटून परत येणारा बॉल कुठे जाईल याचा नेम नाही. अवघड काम आधी, सोपं काम नंतर. पॉइंट कमी करून काय झालं, तर तुम्ही गंमतच कमी केलीत, भीती कुठे वाढवलीत?

अजून एक, घंटेचा उपयोग नाही म्हणता, तिलाच नियम सांगू द्या की. तिकीट मिळालं की डबल बेल. बिनतिकीट घाट चढला की सिंगल बेल. स्क्रीनकडे बघायला खेळताना कोणाला वेळ नसतो, कान मात्र मोकळे असतात.

लाल_डबा :

ताई, साष्टांग नमस्कार. दोन वर्षं घंटा घेऊन बसलोय आणि हे सुचलं नाही.

एका तिकिटावर किती फेऱ्या ठेवू?

कोपऱ्यातली :

सुरुवातीला एकच. तिन्ही थांबे ओळीने पाडले, आधी पहिला मग दुसरा मग तिसरा, तर पास द्या, तीन फेऱ्यांचा. नवख्याला कसेही पाडले तरी तिकीट मिळतं आणि जुन्या खेळाडूला ओळीने पाडायची खाज सुटते. अ‍ॅडम्स फॅमिलीत बंपरला बॉल लागला की हवेलीतली पेटलेली खोली बदलते, म्हणजे नवखा नुसता बघत बसतो आणि जाणकार हवी ती खोली पेटल्यावर शॉट मारतो. १९९२ चं मशीन, वीस हजारांहून जास्त विकली गेली, ती उगाच नाही.

खटपट्या :

ताईंनी नियमांचं बघितलं, मी खड्ड्याचं बघतो. सगळ्यात आधी लेव्हल. पाणसळ काचेवर किंवा पेटीवर ठेवू नका, काच काढून प्लेफील्डवरच ठेवा, आडवी पण आणि उभी पण. उतार साडेसहा अंशांच्या आसपास असू दे. आडवं मशीन जरा जरी कललेलं असेल तर स्टँडातून निघालेला बॉल रोज वेगळ्या वाटेने जाईल आणि तुम्ही उगाच कॉइलला शिव्या द्याल.

ते झाल्यावर कॉइलचा पल्स, म्हणजे तिला वीज किती वेळ मिळते, तो किती आहे ते बघा. एकेक मिलिसेकंद कमी करत जा, बॉल जेमतेम बाहेर पडेल तिथे थांबा आणि वर दोन मिलिसेकंद वाढवा. खड्ड्याच्या ओठावर पातळ पत्रा लावून थोडा वाकवा म्हणजे बॉल एका बाजूच्या फ्लिपरकडेच वळेल. मग वीस वेळा फेकून बघा, वीसच्या वीस वेळा फ्लिपरवर यायला पाहिजे. खेळणाऱ्याने स्वतःच्या चुकीने बॉल घालवला तर तो परत खेळतो, मशीनने घालवला तर नाही खेळत.

आणि फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग आहेत ना? एक जोराचं, एक नुसतं धरून ठेवणारं? ते अकरा वेळावाले मित्र फ्लिपर वर धरून गप्पा मारत असतील तर जोराचं वाइंडिंग चालू राहून जळेल. टोकाचा स्विच नीट लागतोय का बघून घ्या.

लाल_डबा :

दोन आहेत. पण स्विच तपासला नव्हता, आता बघितला तर उजवीकडचा वाकलेला निघाला, कॉइलचा कागद थोडा करपलाय. वाचलो.

लाल_डबा (आठवड्याने) :

अपडेट. मशीन डावीकडे कललेलं होतं, तळघराची फरशीच तशी आहे. पाय फिरवून सरळ केलं, पल्स चोवीसवरून सतरावर आणला, पत्रा लावला. वीसपैकी एकोणीस. एकदा कुठे गेला ते कळलं नाही, तो बंपरखाली अडकला होता आणि बॉल शोधायचा प्रोग्रॅम मी बंद ठेवलेला, म्हणजे चूक माझीच.

तिकिटाचा नियम टाकला. काल तेच मित्र आले. समजावून सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पहिला बिनतिकीट घाट, सिंगल बेल, आणि आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं "तिकीट कुठाय?". सगळे थांबले, एकमेकांकडे बघितलं, आणि मग थांब्यांवर असे तुटून पडले की एकाने दुसऱ्याच डावाला पास काढला. सरासरी डाव किती वेळ चालतो ते आता लॉगमध्ये लिहून ठेवतोय, पूर्वीपेक्षा जरा कमीच चाललाय, पण परत परत स्टार्टचं बटण दाबतायत.

फक्त एक नवीन भानगड. आईला फ्लिपर जमत नाहीत. ती नुसता प्लंजर (बॉल सुरुवातीला सोडायचा दांडा) ओढते, बॉल वर तीन बंपरमध्ये जाऊन तडतड पॉइंट घेतो, मग सरळ खाली पडतो, बॉल सेव्हमुळे (लगेच पडलेला बॉल मशीन परत देतं) परत मिळतो, ती परत ओढते. काल फ्लिपरला हात न लावता ती दुसऱ्या नंबरवर होती.

कोपऱ्यातली :

बंपरचे पॉइंट निम्मे करा आणि बॉल सेव्ह एका बॉलला एकदाच. पण काकू भारतात परत गेल्यावर करा.

खटपट्या :

+१