बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग जातच नाहीत, घरातल्या वस्तूंनी काही होईल का?

सुदामानगरची_ताई
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आम्ही इंदूरमध्येच रामबागेतून सुदामा नगरात भाड्याच्या घरात आलो. तिकडे नर्मदा, म्हणजे नर्मदेचं नळाचं पाणी, भरपूर यायची त्यामुळे हा प्रकार कधी बघितलाच नव्हता, इथे नर्मदा एक दिवसाआड येते, ती पिण्या-स्वयंपाकाला जाते आणि आंघोळ, कपडे, भांडी सगळं बोरिंगवर. सहा महिन्यांत नळांना पांढरा खरखरीत थर आलाय, बाथरूमच्या काचेतून पलीकडचं दिसत नाही, शॉवरची अर्धी भोकं बुजली आणि बाथरूमबाहेर कोटा स्टोनच्या फरशीवर पांढुरके ओघळ. तारेच्या घासणीनं घासून घासून हात दुखले, नळावर ओरखडे उमटले पण थर आहे तिथेच. शेजारी म्हणतात तेजाब (ॲसिड) टाका, एका मिनिटात साफ होईल. मला तेजाबाची भीती वाटते, घरात दोन वर्षांचं बाळ रांगतं-फिरतं. लिंबू, व्हिनेगर असल्या वस्तूंनी खरंच होतं का? कोणी स्वतः केलं असेल तर नीट सांगा.

टिळकनगरच्या_काकू
अगं तेजाब मुळीच आणू नकोस! आणि ती तारेची घासणी आधी बाजूला ठेव, हे काम घासायचं नाहीये, भिजवायचं आहे. आपल्याकडे चायनीजमध्ये घालतात ते पांढरं व्हिनेगर घे, जुना सुती फडका त्यात ओला करून नळाला गुंडाळ, वरून प्लास्टिकची पिशवी बांध म्हणजे वाळणार नाही. अर्ध्या तासानं काढ, जुन्या टूथब्रशनं हलकेच फिरव, धू आणि कोरडं पूस. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी परत कर पण रात्रभर ठेवू नकोस, नळाची चमक जाते. सोनेरी किंवा पितळी रंगाचे नळ असतील तर त्यांना लावूच नकोस. नळाच्या तोंडाशी जी जाळी असते ती फिरवून निघते, ती वाटीत व्हिनेगर घेऊन तासभर बुडवून ठेव, धार पहिल्यासारखी होईल. शॉवरलाही तसंच, पिशवीत व्हिनेगर भरून रबरानं शॉवरच्या तोंडाला बांधायचं.

व्हिनेगर महाग पडत असेल तर किराण्याच्या दुकानात टाटरी मिळते ती आण, लिंबाचं फूल म्हणतात ती. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. वासही येत नाही. मी तर हल्ली तीच वापरते, सियागंज बाजारातून एकदाच जास्तीची आणून ठेवते. आमची आई तांब्याच्या घंगाळाला चिंच-मीठ लावायची, तेही आंबटच की.

जुना_मास्तर
काकूंनी बरोबर सांगितलंय, मी जरा कारण सांगतो, म्हणजे कुठे काय लावायचं ते आपोआप कळेल. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. माळव्याचा आपला काळा पाषाण, त्याच्या फटींतून पाणी झिरपत जातं तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून बरोबर घेतं. पाणी वाळलं की किंवा तापलं की त्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, म्हणजे चुनखडीच. दगडच तो, साबणानं दगड कसा जाईल? आम्लानं मात्र विरघळतो, लिंबू टाकल्यावर बारीक बुडबुडे दिसले तर समजा काम चालू आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताई, तुमची कोटा स्टोनची फरशीसुद्धा चुनखडीच आहे. डाग आणि फरशी दोन्ही एकाच जातीचे, आम्लाला त्यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खाणार. म्हणून फरशीवर, संगमरवरावर, मोझॅकवर ना तेजाब, ना व्हिनेगर, ना टाटरी. नळ साफ करताना खाली थेंब पडू देऊ नका, जाड फडका अंथरा. एका ओळखीच्यांच्या घरी देवघराचा संगमरवर लिंबानं पुसला होता, आजही तिथे हात फिरवला तर खडबडीत लागतो आणि ती चमक पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय येणार नाही.

दुसरं, लोक व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करतात, फेस येतो म्हणून बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती जवळपास पाणीच उरतं. सोडा वेगळा वापरा, तेलकट ओट्यावर. आणि टंकी धुवायची ब्लीचिंग पावडर कुठल्याही आंबट पदार्थात कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. घरात बाळ आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

राजवाड्याजवळचा
काचेचं मी सांगतो कारण दोनदा फसलो. काचेवर नुसते क्षार नसतात, साबण या पाण्यात फाटतो आणि त्याचा चिकट थरही बसतो, त्याच्यावरून व्हिनेगर आत पोचतच नाही. आधी भांड्याच्या लिक्विडनं काच धुवा, मग टाटरीचं पाणी फवाऱ्यानं मारा, १५-२० मिनिटांनी पुसा. खूप जुने डाग काचेतच उतरलेले असतात ते निघत नाहीत, त्याच्यामागे लागू नका. त्यानंतर आम्ही घरात एक नियम केला, जो शेवटी आंघोळ करेल तो वायपर फिरवून बाहेर येईल. पाणी वाळलंच नाही तर डाग येणार कुठून.

सुदामानगरची_ताई
काकू, मास्तर, दादा खूप खूप धन्यवाद! नळ आज करून बघितले, बुडबुडे खरंच आले आणि जाळीतून मूठभर नाही पण चिमूटभर खडे निघाले. शॉवर सुटला. काच उद्या करते. बरं झालं फरशीवर काही टाकलं नाही, घरमालकांची फरशी आहे. पण मग त्या ओघळांचं काय करू? आणि गीझर आवाज करतो, पाणीही उशिरा तापतं, ते पण याच्यामुळेच का?

जुना_मास्तर
फरशीचे ओघळ ओल्या फडक्यानं थोडा वेळ झाकून ठेवा, मग साध्या साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं जेवढं निघेल तेवढं काढा. उरलेलं पॉलिशच्या वेळी जाईल. तोवर पाणी जिथून झिरपतं ती जागा आधी बंद करून घ्या, नाहीतर रोज नवा ओघळ.

गीझरचं कारण तेच. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर जास्त. रॉडवर दगडाचं पांघरूण चढतं, मग वीज जाते जास्त आणि पाणी तापतं कमी. तापमानाचं बटण ५०-५५ वर ठेवा. पण गीझर स्वतः उघडू नका, मेकॅनिककडून उघडून घ्या, रॉड टाटरीच्या पाण्यात भिजवायला सांगा आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर तीही बदलायला सांगा, टाकी गंजू नये म्हणून ती असते. बोरिंगवरच्या घरात वर्षातून एकदा हे करून घ्यावं.

टिळकनगरच्या_काकू
आणि पाणी एकदा तपासून घे गं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा (हे विरघळलेले क्षार) चांगला, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुरटी फिरवून हे क्षार जात नाहीत, गाळ तेवढा खाली बसतो. बाळाच्या आंघोळीचं शेवटचं पाणी मात्र नर्मदेचं, एक बादली भरून ठेवून घालत जा, अंग कोरडं पडत नाही. ७० किलोमीटरवरून, नर्मदाकाठच्या जलूदहून वर चढवून आणतात ते पाणी, १९७८ मध्ये पहिल्यांदा इंदूरला आलं तेव्हा आम्ही नळाखाली हात धरून उभे होतो. साबण धुतला जातोय हे तेव्हा हाताला कळलं.

सुदामानगरची_ताई
बादली आजपासूनच भरून ठेवते काकू. मेकॅनिक रविवारी येतोय, रॉडचं काय निघालं ते इथेच लिहीन.