१५ ऑगस्टला फक्त झेंडा, खेळ हिवाळ्यात : पटतंय का?

फक्कीवाला

नवी मुंबईतल्या घणसोलीत आमच्या सेक्टरात आम्ही सात-आठ कार्यकर्ते दर १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि त्याच दिवशी क्रीडास्पर्धा घेतो. माझं मत असं की स्पर्धा त्या दिवशी घेणं बंद करावं. १५ ऑगस्टला झेंडा, राष्ट्रगीत, चहा-वडापाव आणि आपापल्या घरी. खेळ १५ जानेवारीला सुरू करायचे आणि २६ जानेवारीला अंतिम सामने. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकणारे आपले खाशाबा. राज्य क्रीडा दिनही त्याच तारखेला असतो, म्हणजे निमित्त शोधत बसायला नको.

पहिलं कारण पाऊस. ऑगस्टमध्ये मैदानात घोट्यापर्यंत चिखल असतो. मग सगळा बाजार बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये जातो आणि पेव्हर ब्लॉकवर मुलांना पळवलं जातं. दरवर्षी कुणाचा तरी गुडघा फुटतो.

पण माझं खरं दुखणं वेळेचं आहे. झेंडा साडेआठला, पाहुणे येणार साडेनऊला, भाषणं, सत्कार, शाल-श्रीफळ होईस्तोवर अकरा. दीडला लोक जेवायला पांगतात. उरलेल्या अडीच तासांत सेक्टरातली झाडून सगळी मुलं खेळवायची. कबड्डीचा सामना नियमाने घ्यायचा तर वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं. आठ संघांची बाद फेरी म्हटली की सात सामने, म्हणजे सव्वापाच तास. म्हणून आपण पाच-पाच मिनिटांचे डाव उरकतो. जो संघ पहिल्याच सामन्यात हरला, त्यातलं पोरगं दहा मिनिटं खेळतं आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत प्रेक्षक बनतं. याला आपण क्रीडा महोत्सव म्हणतो आणि त्याची ट्रॉफी दीड फुटांची असते!

सहा संघांची साखळी लावली, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, तर पंधरा सामने होतात आणि प्रत्येक संघ पाच वेळा मैदानात उतरतो. मला तेवढंच हवंय.

जुना कार्यकर्ता

पूर्ण विरोध. तुमचं गणित बरोबर आहे, पण माणसांचा अंदाज चुकलाय.

१५ ऑगस्टला लोक आधीच खाली उतरलेले असतात. सुट्टी असते, पोरांच्या अंगावर पांढरे कपडे, खिशाला झेंडा. त्यांना थांबवून धरणं सोपं. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी नऊला मैदानावर तुम्ही, मी आणि दोन कुत्री. आम्ही एकदा बिनसणाची क्रिकेट स्पर्धा लावून पाहिली होती. नावं नोंदवली बऱ्याच संघांनी, पण सकाळी फोन उचलायला कप्तानही तयार नव्हते.

आणि लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, रस्सीखेच यांना तुम्ही खेळाच्या फूटपट्टीने मोजताय. ती शर्यत कोण जिंकतं याच्याशी कुणाला काय देणंघेणं? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सातव्या मजल्यावरच्या नव्या सुनेला पहिल्यांदा नावाने हाक मारतात ती त्या रस्सीखेचीत. तो कार्यक्रम खेळासाठी नसतोच मुळी.

आणखी एक. कार्यकर्ते सात-आठ आहेत हे तुम्हीच लिहिलंत. ते एक दिवस देतात. बारा दिवस कोण देणार? मैदानावर रेषांची फक्की मारायला तुम्ही याल, खुर्च्या कोण उचलणार?

दोन मुलींची आई

दोघांचंही वाचलं. काका, रस्सीखेच जरूर ठेवा. पण मुलींच्या वाट्याला काय येतं ते बघा. मुलग्यांना कबड्डी आणि बॉक्स क्रिकेट, मुलींना रांगोळी, महिलांना संगीत खुर्ची. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, वेळ नाही पुरत." महिला कबड्डीचं मैदान बारा बाय आठ मीटरचं, डाव पंधरा मिनिटांचे. पुरुषांपेक्षा जागाही कमी लागते आणि वेळही. तरी कात्री लागते ती आमच्याच सामन्याला.

म्हणून वेळ वाढत असेल तर माझा पाठिंबा. फक्त जानेवारीत दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा असतात हे ध्यानात घ्या. सोळा-सतरा वर्षांची मुलं, म्हणजे खरे खेळणारे, तेव्हाच घरात कोंडलेले असतात.

शिट्टी

मी पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे दोन शब्द. पेव्हर ब्लॉकवर कबड्डी घेऊच नये. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याला माती किंवा मॅट लागते, नाहीतर कोपर-मनगट गेलंच म्हणून समजा. ऑगस्टमध्ये जागाच नसेल तर त्या दिवशी कॅरम, बुद्धिबळ घ्या. त्यांना छप्पर पुरतं.

मात्र फक्कीवाल्यांच्या तारखाही जमत नाहीत. १५ ते २६ जानेवारी या बारा दिवसांत रविवार येतो एक, फार तर दोन. पंधरा सामने बसवायचे कुठे? मधल्या दिवशी संध्याकाळी घ्यायचे तर सहा-साडेसहाला अंधार पडतो आणि दिव्यांचं भाडं ऐकलंत तर ट्रॉफी स्वस्त वाटेल.

फक्कीवाला

बरं, मग डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून सुरू करू. दर रविवारी सकाळी तीन सामने, पाच रविवार. साखळी जानेवारीच्या मध्याला संपते, पूर्वपरीक्षा तोंडावर यायच्या आत मोठ्या गटाचे बरेचसे सामने झालेले असतात. २६ ला फक्त अंतिम सामने, मुलांचा एक आणि मुलींचा एक.

जुन्या कार्यकर्त्यांना एक विचारायचंय. लोक खाली थांबतात ते खेळासाठी की वडापावसाठी? वडापाव ऑगस्टमध्येही राहीलच.

जुना कार्यकर्ता

वडापावला नावं ठेवू नका, त्याच्यावर सेक्टर एकत्र येतं. रविवार पाच झाले म्हणजे कार्यकर्त्यांच्या घरी भांडणंही पाच. आमच्यातले दोघे एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत, कामाला आहेत, भाजी मार्केट पहाटेच्याही आधी जागं होतं. त्यांच्याकडे एखादी सकाळ झोपायला उरते, तीही तुम्ही मागताय.

गावठाणकर

तारखांवर एवढी चर्चा चाललीय, पण खेळणार कोण हे कुणी बोललं नाही. तुमच्या स्पर्धेचा फॉर्म भरताना सोसायटीची मेंटेनन्स पावती मागतात. आमच्या गावठाणातल्या पोरांकडे ती कुठून असणार? माथाडी वसाहतीतली पोरं, वॉचमनची पोरं, सगळी कुंपणाबाहेरून बघतात. झेंड्याला सलाम करायला चालतात, शर्यतीत धावायला चालत नाहीत. ही कसली रीत?

ज्या मैदानावर तुम्ही फक्की मारता तिथे आमच्या आजोबांची भातशेती होती. नवी मुंबई वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या, मग दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. उरणकडच्या जासईचं नाव ऐकलं असेल. साडेबारा टक्क्यांच्या ज्या बिल्डिंगांत तुमच्यातले निम्मे राहतात, ती जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जागा परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तुमची साखळी त्याच आठवड्यात संपतेय ना? मग त्या रविवारी माइकवर दोन मिनिटं त्या पाच जणांसाठी द्या.

पोरां खेलाला कवाबी तयार. डिसेंबर म्हना, जानेवारी म्हना.

बी विंग

भावना समजल्या, पण प्रवेश खुला केला की काय होतं ते पाहिलंय. गावातल्या मंडळांची पोरं वर्षभर सराव करतात. आमची पोरं क्लासमधून थेट मैदानावर येतात. पहिल्या दहा मिनिटांत दोन लोण चढतात, म्हणजे अख्खा संघ दोनदा बाद होतो, आणि पुढच्या वर्षी सोसायटीचा संघच उतरत नाही. वर्गणी आम्ही भरायची आणि ट्रॉफी दुसऱ्यांनी न्यायची, असं लोक तोंडावर म्हणतात. मी म्हणत नाही, पण म्हणतात.

गावठाणकर

तुम्ही म्हणत नाही, फक्त लिहिता. संघ सोसायटीवार करूच नका. सगळ्यांची नावं चिठ्ठीत टाका, वयोगट पाडा, चिठ्ठ्या काढा. आमचा एक चढाईपटू तुमच्या संघात आला तर तुमच्या चार पोरांना पकड कशी करायची ते तरी कळेल. आणि वर्गणी गावातूनही निघेल. आजवर मागायला कोण आलंय?

शिट्टी

चिठ्ठ्यांचे संघ मला पंच म्हणून फार आवडतील. भांडण कमी होतं. बापमंडळींना कुणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळत नाही.

हिशेबनीस

आता पैशाकडे या. श्रावणापासून वर्गणीची रांगच लागते. १५ ऑगस्ट, दहीहंडी, गणपती, नवरात्र. त्याच घराची बेल चार वेळा वाजते. तिसऱ्या वेळी दार उघडत नाही ते उगाच नाही. खेळ हिवाळ्यात नेला तर किमान एक बेल लांब जाते. या एका कारणासाठी मी फक्कीवाल्यांच्या बाजूने.

पण माझी अट आहे. कार्यक्रमाचा प्रायोजक म्हणून जो इच्छुक उमेदवार येतो, त्याचा फ्लेक्स झेंड्याच्या काठीच्या मागेच लागतो. फोटोत तिरंगा टपाल तिकिटाएवढा आणि दादांचा चेहरा दरवाजाएवढा. बेकायदा फ्लेक्सवरून मुंबई उच्च न्यायालयाने किती वेळा कान उपटलेत, तरी आपण राष्ट्रीय सणालाच ते लावतो. गणेशोत्सव मंडळं वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क ची परवानगी घेतात, नंतर हिशेबही देतात. आपण साध्या पावती पुस्तकावर पैसे गोळा करतो आणि हिशेब विचारला की "विश्वास नाही का?" असा उलट सवाल येतो. मी हिशेब लिहितो म्हणून सांगतो, विश्वास आहे, म्हणूनच कागद फलकावर लावा.

जुना कार्यकर्ता

हिशेबनीस, तुम्ही हिशेब लिहिता, पण मंडप, माइक, खुर्च्या कुठून येतात ते लिहीत नाही. ते सगळं त्याच दादांकडून फुकट येतं. फ्लेक्स काढा म्हणालात की खुर्च्याही जातात. मग शंभर रुपयांची वर्गणी तीनशेवर जाईल आणि ज्यांच्यासाठी गावठाणकर भांडताहेत त्यांनाच ती जड जाईल. तत्त्व चांगलं, पण बिल कोण भरणार ते आधी सांगा.

हिशेबनीस

अंतिम सामन्याला मंडप लागत नाही, शालीही लागत नाहीत. सत्कार, हार, स्मृतिचिन्हं आणि प्रमुख पाहुण्यांचा नाश्ता हे मी आमच्या वहीत "इतर" या रकान्यात लिहितो. ते "इतर" खेळाच्या साहित्यापेक्षा मोठं असतं. खुर्च्या लोक घरून आणतील. आणल्या नाहीत तर उभे राहून बघतील. कबड्डी तशीच बघतात.

तिरंगा आमचा

मला मूळ कल्पनाच खटकली. झेंडा एका बाजूला, खेळ दुसऱ्या बाजूला असं वेगळं करून तुम्ही १५ ऑगस्ट कोरडा करताय. मुलाला देश कळतो तो त्या दिवशीच्या गडबडीतूनच. भाषणातून कळत नाही.

दोन मुलींची आई

गडबड हवीच, पण नीट करा. गेल्या खेपेला आमच्या बिल्डिंगखाली प्लास्टिकचे छोटे झेंडे वाटले आणि १६ तारखेला ते गटारात होते. गोळा केले ते मुलींनी. ध्वजसंहितेप्रमाणे खराब झालेला झेंडा मानाने, खासगीत, पूर्ण नष्ट करायचा असतो. त्याला पायदळी येऊ देणं हा तर अपमानच. उत्साह असेल तर आयोजकांनीच कागदी झेंडे द्यावेत आणि दुपारी परत गोळा करावेत. तोच एक खेळ ठेवा ना, कोणता गट जास्त झेंडे परत आणतो.

जुना कार्यकर्ता

ताई, हे मान्य. हे मी घेतो. पण फुलांच्या पाकळ्यांवर आता कुणी वाद घालू नका. फडकवण्याआधी झेंड्यात पाकळ्या ठेवायला संहितेत परवानगी आहे. दरवर्षी कुणीतरी ऐन वेळी अडवतं.

चौथा मजला

सगळे कार्यकर्तेच बोलताहेत, एका रहिवाशाचंही ऐका. सकाळी सातपासून स्पीकरवर तीच चार देशभक्तीपर गाणी फुल्ल आवाजात. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते हे माहीत आहे, म्हणून तुम्ही सातला सुरू करता. पण निवासी भागात दिवसाचीही मर्यादा ५५ डेसिबल आहे. पाच रविवार साखळी म्हणजे पाच रविवार स्पीकर असेल, तर माझा ठाम विरोध. शिट्टीवर चालत असेल तर हरकत नाही, मीही गॅलरीतून बघीन.

शिट्टी

माझं नावच शिट्टी आहे हो. स्पीकर मला नकोच, पंचाचं कुणाला ऐकू येत नाही.

फक्कीवाला

तिरंगा आमचा यांना एवढंच म्हणेन की १५ ऑगस्ट कोरडा होतो तो तासभराच्या भाषणांनी. पाहुण्यांऐवजी सेक्टरातल्याच एखाद्या नववीच्या मुलीला पाच मिनिटं द्या. तिला चिरनेर सांगू दे. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, आपल्या शेजारच्या उरण तालुक्यातला. किंवा ठाण्याचा तुरुंग, जिथे १९१० च्या १९ एप्रिलला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. लोकलने अर्ध्या तासाच्या आत पोचतो आपण तिथे, आणि आपल्या कार्यक्रमात त्याचं नावही निघत नाही.

ठरवायचं तर असं: संघ चिठ्ठीने, प्रवेश सगळ्यांना, पावतीची अट रद्द. मुलींचा सामना आधी, मुलग्यांचा नंतर. स्पीकर फक्त २६ ला. १७ च्या आसपासच्या रविवारी गावठाणकरांनी माइकशिवाय, मोठ्या आवाजात त्या पाच जणांबद्दल बोलावं. फ्लेक्सचं मात्र माझ्या एकट्याच्या हातात नाही.

बी विंग

चिठ्ठीला आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मंजुरी लागेल. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत असते, विषय वेळेत द्या. मी विरोधात मत देणार आहे, पण विषय अडवणार नाही.

जुना कार्यकर्ता

मी अजून तिथेच आहे. तुमची साखळी तुम्ही लावा, दोन रविवार मीही येईन, एपीएमसीवाल्यांना झोपू द्या. पण १५ ऑगस्टची रस्सीखेच आणि लिंबू-चमचा मी सोडणार नाही. पार्किंगमध्ये घेईन, पाऊस असला तरी घेईन. आणि फ्लेक्सबद्दल दादांशी बोलायला हिशेबनीसांनीच यावं. मी फक्त ओळख करून देतो.

हिशेबनीस

येतो. वही घेऊन येतो.