दीपोत्सवाचा माझा फोटो हॉटेलवाल्यानं न विचारता वापरलाय, काय करू?

घाटावरची_पहाट
नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून फोटोग्राफी करते, राहायला कोल्हापुरातच. मागच्या त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सवाला गेले होते, तिथं एक आज्जी पायरीवर बसून पणत्या लावत होत्या, वारा आला की पदर आडवा धरायच्या आणि तेवढ्या उजेडात त्यांचा चेहरा असा काही दिसायचा की बस्स. विचारून फोटो काढला, नंतर प्रिंट घरी नेऊन दिली. इन्स्टावर टाकताना कोपऱ्यात माझं नाव होतं.

परवा मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला. एका हॉटेलच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर तोच फोटो, स्टेशन रोडला फ्लेक्सपण लागलाय. नाव कापलंय आणि फोटो उलटा फिरवलाय, डावीकडचं उजवीकडं. आज्जींची चमकी डाव्या नाकात आहे, फ्लेक्सवर ती उजव्या नाकात दिसतीय. फोन केला तर म्हणे "नेटवर होता की, त्यात काय एवढं." आणि काल आज्जींच्या सुनेचा फोन, "किती मिळाले गं तुला?" त्या प्रश्नानं रात्रभर झोप नाही लागली. अजून कुठं वापरलाय ते कसं शोधायचं आणि ह्यांना थांबवायचं कसं?

शिवाजीपेठ_शटर
ताई, आता परत फोन करू नका, आधी पुरावा गोळा करा. लोक भांडत बसतात आणि तोवर समोरचा पान काढून टाकून मोकळा होतो. वेबसाइटचा स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे, तेच पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) सेव्ह करा म्हणजे त्याची नोंद तुमच्या हातात नसलेल्या तिसऱ्याच ठिकाणी राहते. फ्लेक्सचा फोटो लोकेशन चालू ठेवून काढा, आजूबाजूची दुकानं दिसू देत. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, आहे ना? ती आणि त्या पहाटेचे पुढचे मागचे दहा-बारा फ्रेम जपून ठेवा, ते चोरणाऱ्याकडं कधीच नसतात.

शोधायला गूगल लेन्स आणि टिनआय दोन्ही वापरा, फोटो टाकला की तो नेटवर कुठं कुठं आहे ते दाखवतात, एकात नाही सापडलं ते दुसऱ्यात सापडतं, यांडेक्सचा फोटो-सर्चपण बघा. आणि तुमचा फोटो आधी स्वतःच उलटा फिरवून तो सर्चला टाका, उलटा केलेला फोटो सरळ शोधला की बऱ्याचदा निसटतो. नुसता आज्जींचा चेहरा, नुसत्या पणत्या असे तुकडे कापूनपण टाकून बघा.

कोर्टाची_पायरी
वकिली करतो म्हणून लिहितो. "नेटवर होता" ह्याला कायद्यात काही अर्थ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, हक्क फोटो काढला त्याच क्षणी येतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातभर, शिवाय त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. कलम ५७ नुसार स्वतःचं नाव लावून घेण्याचा हक्क वेगळा आहे. कलम ६३ खाली मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, २०२२ ला सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला. दावापण तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, कलम ६२, समोरचा पुण्याचा असो नाहीतर दिल्लीचा.

पण लगेच कोर्टात पळू नका. आधी हॉटेलला लेखी मेल, फोटो काढून टाका आणि वापराचे पैसे द्या, मुदत घाला. सोबत होस्टला, म्हणजे वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिला, तक्रार, होस्ट अमेरिकेतला असेल तर डीएमसीए ह्या तिथल्या कॉपीराइट कायद्याखाली नोटीस. गूगलला कळवून फक्त सर्चमधनं जातं, मूळ पान तसंच राहतं. आपल्याकडच्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांत तक्रार पटली तर होस्टनं ३६ तासांत त्या फोटोपर्यंतचा प्रवेश बंद करायचा आहे, मात्र २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ते परत चालू करू शकतात.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. लग्नाचं वगैरे पैसे घेऊन काम केलं असेल आणि लेखी काही ठरलं नसेल तर पहिला मालक गिऱ्हाईक असतं, कलम १७. ताईंचा फोटो तसा नाही, तो त्यांचाच.

फ्लेक्स_डिझायनर
मी हेच काम करतो म्हणून खरं काय होतं ते सांगतो. गिऱ्हाईक व्हॉट्सअपवर फोटो पाठवतं, "हा लाव, संध्याकाळी पाहिजे." फोटो कुणाचा हे आम्ही विचारत नाही. मजकूर उजवीकडं बसवायचा असला की फोटो फिरवतो, नाव मधे आलं की कापतो. त्या नावामागं पहाटे उठलेलं माणूस असतं हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. आता विचारतो, "परवानगी आहे का, मेसेज दाखवा." दोन गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

शिवाजीपेठ_शटर
शाब्बास भावा. ताई, पुढच्यासाठी, मोठा वॉटरमार्क (फोटोवर छापलेलं नाव) मधोमध ठोकू नका, फोटोच मरतो. मोठी फाइल मात्र टाकू नका, मोबाइलवर नीट दिसेल एवढीच टाका, म्हणजे दहा फुटी फ्लेक्सला ताणली की फाटते. कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटमधे नाव भरून ठेवा. इन्स्टा, व्हॉट्सअप ती माहिती बहुतेक पुसून टाकतात पण मूळ फाइलमधे राहते आणि तिथंच ती कामाला येते.

घाटावरची_पहाट
सगळ्यांचे मनापासून आभार. उलटा फिरवून शोधला तर अजून दोन ठिकाणी सापडला, एक ट्रॅव्हलवाला आणि एक दिवाळीची शुभेच्छा. हॉटेलला कलमांसकट मेल केला, तिसऱ्या दिवशी वेबसाइटवरनं गेला, फ्लेक्स अजून आहे. बिल पाठवलंय, उत्तर नाही. शुक्रवारपर्यंत वाट बघते, मग वकील साहेब तुम्हाला मेसेज करते. उद्या आज्जींकडं जाऊन तो मेल सुनेला वाचून दाखवणार आहे, पैसे आले तर त्यातले त्यांचे किती तेपण तिथंच बसून ठरवू.