[मंडळ-चर्चा] तो बुटांचा खोका कोणाकडे आहे??

प्रेषक: मंदार
मंगळवार, रात्री ११:१२

मंडळी, मंडळाच्या शनिवारच्या गराज सेलसाठी (जुन्या वस्तूंची विक्री) आमच्या शेजारच्या आजींकडून रविवारी जे सहा खोके उचलले, त्यातला बुटांचा खोका (निळं झाकण, वर रबरबँड) कोणाच्या गाडीत गेला? आमच्या गराजमध्ये नाही. त्यात बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली जुनी कार्डं होती, लोक जमवतात ती. आज आजी कचऱ्याचा डबा बाहेर काढता काढता सहज म्हणाल्या, “त्यात मँटल पण असेल बघ.” मला मँटल कोण ते माहीत नव्हतं. ऑफिसात सांगितलं तर दोघे जण खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आले. शनिवारच्या आत कळवा प्लीज. कोणी देऊन टाकला असेल तरी सांगा, रागावणार नाही.

मंदार

---

प्रेषक: सुलभा
बुधवार, सकाळी ६:४०

खोका माझ्याकडे आहे. “खेळणी व किरकोळ” मध्ये धरून ५ डॉलरचं लेबल लावलंय. कार्डं जुनाट आहेत, कोपरे गेलेत, काहींना रबरबँडच्या खाचा पडल्यात. दर वर्षी लेबलं लावून झाली की मग सूचना सुरू होतात. हार्मोनियमच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. किमती विक्री समिती ठरवते आणि समितीच्या मीटिंगला मी आणि वृषाली सोडून कोणी आलं नव्हतं, एवढंच नोंदवते.

सुलभा

---

प्रेषक: प्रशांत
बुधवार, सकाळी ७:०५

सुलभाताई, हात जोडून विचारतो, लेबल खोक्याला लावलंय ना? कार्डाला नाही ना?

मंदार, तुझे ऑफिसवाले उठले ते बरोबरच आहे. मिकी मँटल म्हणजे न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा नामांकित खेळाडू. टॉप्स या कार्ड-कंपनीच्या १९५२ च्या सेटमधलं त्याचं ३११ नंबरचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते कार्ड जवळजवळ नव्यासारखं होतं म्हणून तो आकडा. पण फाटक्या मँटललाही भाव असतो, कारण त्या सेटची शेवटची मालिका, ३११ ते ४०७, दुकानांत पोचेपर्यंत बेसबॉलचा हंगाम संपला होता. माल पडून राहिला. उरलेल्या पेट्या टॉप्सच्या साय बर्गरने १९६० मध्ये बार्जवर चढवल्या आणि आपल्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन समुद्रात बुडवल्या.

आता ताई, कोणाकडे फूटपट्टी असेल तर घ्या. खरं कार्ड २⅝ × ३¾ इंच भरतं. १९८३ मध्ये टॉप्सनेच त्या सेटची नवी छपाई काढली. ती आजच्या मापाची, २½ × ३½, आणि मागे “रिप्रिंट” असं लिहिलेलं. गराज सेलमध्ये सापडणारा मँटल बहुतेक वेळा हाच निघतो.

बाकीच्या कार्डांचं साल कसं ओळखायचं: मागे आकड्यांचा तक्ता असतो, त्यात शेवटचं जे साल असेल त्यात एक मिळवा. १९८६-८७ पासून १९९३ पर्यंतचं बेसबॉलचं बहुतेक सगळं ५ डॉलरला खुशाल द्या, ४ ला द्या. लाकडी फळीसारखी किनार असलेली १९८७ ची टॉप्स तर निम्म्या अमेरिकेच्या बेसमेंटमध्ये आहेत. तेव्हा लोकांनी मुलांच्या कॉलेजची फी निघेल म्हणून पेट्याच्या पेट्या जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून त्यांना किंमत नाही. १९७० च्या आधीचं मात्र एकही कार्ड मला दाखवल्याशिवाय टेबलावर ठेवू नका.

एक फोटो जोडतोय.

प्रशांत

---

प्रेषक: यादी-व्यवस्थापक
बुधवार, सकाळी ७:०६

प्रशांत, फोटो परत आला असेल. यादीवर जोडपत्रं चालत नाहीत, गणपतीपासून हे सांगतोय.

---

प्रेषक: माधवकाका
बुधवार, सकाळी ९:३०

प्रशांतचं वाचून मन भूतकाळात गेलं. आमच्याकडे बिग फन बबलगमबरोबर धावा आणि विकेटा मिळायच्या, आठवतंय का कोणाला? जमवून दिल्या की क्रिकेटरची फ्लिपबुक मिळायची, पानं भरभर उलटली की फलंदाज फटका मारायचा. माझ्या धाकट्या भावाने एवढं गम चघळलं की दाढ काढावी लागली. सगळा साठा आईने एका दिवाळीत रद्दीवाल्याला दिला. किलोवर. तेव्हा कोणी फूटपट्टी काढली नाही.

---

प्रेषक: अनिल
बुधवार, सकाळी १०:१५

काका, :)

प्रशांतने मापाचं सांगितलं म्हणून माझाही अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका फ्ली मार्केटमध्ये (जुन्या बाजारात) बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनचं, फ्लीअर या दुसऱ्या कार्ड-कंपनीचं, १९८६ चं ५७ नंबरचं कार्ड २०० डॉलरला घेतलं. विकणारा म्हणाला मुलाचं आहे, पैशांची नड आहे. माप अगदी बरोबर होतं. घरी आल्यावर प्रशांतने भिंग लावलं आणि गप्प बसला. खऱ्या छपाईत काळी अक्षरं आणि काळ्या रेषा सलग असतात, माझ्यात अक्षरंसुद्धा ठिपक्याठिपक्यांची होती. म्हणजे कार्ड स्कॅन करून छापलेलं. त्यामुळे फूटपट्टीवर सगळं सोडू नका. १०x चं भिंग पंधरा-वीस डॉलरला येतं, मला ते २२० ला पडलं.

---

प्रेषक: सुलभा
बुधवार, दुपारी १:२०

मोजलं. २½ × ३½. मागे रिप्रिंट लिहिलंय. म्हणजे माझे ५ डॉलर बरोबर होते, याची कोणी तरी दखल घ्यावी.

खाली तळाशी, रुमालात गुंडाळलेली अकरा कार्डं निघाली. ती मोठी आहेत आणि आडवी. त्यातल्या एकाला वरच्या बाजूला टाचणीचं भोक आहे, चारही कोपरे गोल झालेत. एका बाजूला चेहरा, शेजारी तोच माणूस खेळताना छोटा, आणि खाली सही छापलेली. रॉबर्टो क्लेमेंटे, पिट्सबर्ग. मागे नंबर १६४. हे पण नकलीच का?

---

प्रेषक: प्रशांत
बुधवार, दुपारी १:२२

ताई, ते खाली ठेवा. म्हणजे हळूच ठेवा. फोन करतो.

---

प्रेषक: प्रशांत
बुधवार, दुपारी २:१०

सगळ्यांसाठी: ताईंनी फोनवर माप सांगितलं, २⅝ × ३¾. हे १९५५ चं टॉप्स असणार, क्लेमेंटेचं पहिलं कार्ड, ज्याला इथे रुकी म्हणतात. भोक आहे, म्हणजे ग्रेडिंगला (कार्डाची स्थिती तपासून गुण देतात तिथे) पाठवलं तर १० पैकी १ मिळेल. तरीही काहीशे डॉलर नक्की, कदाचित बरेच जास्त. ईबेवर भाव बघणाऱ्यांनी लोक काय मागतायत ते बघू नका, मागायला कोणी काहीही मागतो. “सोल्ड आयटम्स” वर टिचकी मारा आणि प्रत्यक्ष गेलेले भाव बघा, तेही भोकवाल्या कार्डांचे.

आणि याला काहीही करू नका. पुसू नका, खोडरबर नको, कोपरे सरळ करायचा प्रयत्न नको. मी पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकचं पाकीट) आणि टॉप लोडर (कडक प्लास्टिकचं) घेऊन येतो. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं मोठी असल्याने नेहमीचं स्लीव्ह बसत नाही, माझ्याकडे मोठ्या मापाचं आहे.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी ३:००

एवढी काळजी असेल तर माझ्याकडे लॅमिनेटर आहे. आरतीची कार्डं मीच केली होती, सहा वर्षं झाली, तेलाचा डागसुद्धा नाही. दोन मिनिटांचं काम.

---

प्रेषक: प्रशांत
बुधवार, दुपारी ३:०१

अण्णा नको!!!

---

प्रेषक: वृषाली
बुधवार, दुपारी ४:४५

या क्लेमेंटेबद्दल मुलाच्या शाळेत प्रोजेक्ट झालं होतं. पोर्तो रिकोचा, बरोब्बर ३००० हिट्स, आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान पडलं. प्रोजेक्टमध्ये आम्ही जुन्या कार्डांची चित्रं लावली तेव्हा दिसलं, सुरुवातीच्या कार्डांवर रॉबर्टो आहे आणि १९५७ पासून बरीच वर्षं त्यावर चक्क “बॉब” छापलंय. त्याला ते आवडायचं नाही. माझा वेदांत ऑफिसात “व्हिन्स” होणार नाही एवढं मी बघणार आहे.

---

प्रेषक: अनिल
बुधवार, संध्याकाळी ५:१०

वृषाली, माझा बॉस मला सोळा वर्षं “नील” म्हणतो. आता मीच तशी सही करतो.

---

प्रेषक: संजीव (लेस्टर, इंग्लंड)
बुधवार, संध्याकाळी ५:३०

तिकडून आलो तरी यादीवर अजून आहे, म्हणून मधेच बोलतो. इकडे कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) सिगारेटच्या पाकिटातली क्रिकेटची कार्डं अजून सापडतात. पाकीट चेपू नये म्हणून आत ताठ पुठ्ठा घालत, त्यावर चित्र छापायला लागले. प्लेअर्स या सिगारेट कंपनीच्या १९३० च्या सेटमध्ये दुलीपसिंहजी आहेत. माझ्याकडे आहे. पण तुमच्यासारखे आकडे इकडे नाहीत, ते कार्ड मला चहाच्या किमतीत मिळालं. माधवकाका, इकडे या.

---

प्रेषक: नीलिमा (खजिनदार)
बुधवार, रात्री ८:१५

मूळ मुद्दा बाजूला राहिला. आजींना मंडळाची पावती दिली आहे, “घरगुती वस्तू, सहा खोके” अशी. किंमत आपण कधीच लिहीत नाही, ती ठरवणं देणाऱ्याचं काम. म्हणजे कागदोपत्री कार्ड मंडळाचं आहे. मराठी शाळेच्या पुस्तकांना पैसे हवेच आहेत. मला अडचण दिसत नाही.

---

प्रेषक: मंदार
बुधवार, रात्री ८:४०

नीलिमाताई, कागद ठीक आहे. पण आजी माझ्या शेजारी राहतात, आणखी दोन महिने तरी. रोज सकाळी त्यांच्याशी हाय-हॅलो होतं. त्यांना न सांगता मी हे विकू शकत नाही.

---

प्रेषक: सुलभा
बुधवार, रात्री ९:०५

एकदा दिलं ते दिलं. उद्या प्रत्येक वस्तूचा मूळ मालक शोधत बसलो तर सेल दसऱ्याला होईल. आणि स्पष्टच विचारते, हे कार्ड शेवटी घेणार कोण? सेलच्या आधी आतल्या आत ज्याला किंमत कळते त्यानेच किंमत सांगायची आणि त्यानेच घ्यायचं, असं होऊ नये. कोणाचं नाव घेत नाही.

---

प्रेषक: प्रशांत
बुधवार, रात्री ९:०९

नाव घ्या की ताई. यादीवर कार्डं जमवणारा मी एकटाच आहे.

मी ते घेणार नाही. लेखी देतो. चौदा वर्षं मी लॅम्बर्टव्हिलच्या गोल्डन नगेट या फ्ली मार्केटला बुधवारी सुट्टी काढून जातो, ते कोणाला फसवायला नाही. माझं सगळ्यात चांगलं कार्ड, नोलन रायन या बेसबॉलपटूचं १९६८ चं, जुन्या पोस्टकार्डांच्या ट्रेमध्ये मिळालं. कार्डवाल्याच्या टेबलावर मिळत नाही, त्याला भाव माहीत असतो. हत्यारं, शिवणाचे डबे, भांडी विकणाऱ्याकडे मिळतं. त्या बाईंनी ३ डॉलर सांगितले, मी ३ दिले, आणि खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर बरं वाटलं नाही. अनोळखी बाई, परत कधी दिसल्या नाहीत. म्हणून मंदारचं म्हणणं मला पटतं. आजींचं घर माहीत असताना हे नको.

आणि शनिवारचं आत्ताच सांगून ठेवतो. आपली जाहिरात गेली आहे, त्यात “जुन्या वस्तू” लिहिलंय. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन लोक येतील. “कार्डं, नाणी, रेकॉर्ड आहेत का?” हा पहिला प्रश्न. मग एक फालतू कार्ड उचलून त्याची किंमत विचारतील, आणि जाता जाता “सगळा खोकाच ४० ला द्या ना.” अशा वेळी “आठ वाजता या” एवढंच म्हणा.

---

प्रेषक: माधवकाका
गुरुवार, सकाळी ६:५५

३ डॉलर दिलेस ना, मग झालं. आमच्या रद्दीवाल्याने आईला दीड रुपया दिला होता.

---

प्रेषक: मंदार
गुरुवार, संध्याकाळी ७:३०

आजींशी बोललो. त्या आधी खूप हसल्या. मँटल त्यांच्या नवऱ्याने मुलासाठी घेतला होता, १९८३ मध्येच, दुकानातून. चांगली कार्डं मुलगा केव्हाच घेऊन गेला. क्लेमेंटे राहिला तो भोकामुळे. त्यांचं पहिलं घर पिट्सबर्गला होतं, तिथे स्वयंपाकघरात फोनच्या वर ते टाचलेलं असायचं. टाचणी आजींनीच मारली होती. “मला काय माहीत, मी तर देखणा दिसतो म्हणून लावलं,” असं म्हणाल्या.

कार्ड परत नको म्हणाल्या. विका, पण जे येईल त्यातलं अर्धं त्यांच्या चर्चच्या मोफत जेवणाच्या स्वयंपाकघराला द्या, अर्धं तुमच्या शाळेला. मी हो म्हणून आलोय. समितीला विचारून हो म्हणायला हवं होतं, कळतंय मला.

---

प्रेषक: नीलिमा (खजिनदार)
गुरुवार, रात्री ८:००

चालेल, पण ठराव लागेल. रोख नको, मंडळाच्या चेकने देऊ, आणि इतिवृत्तात येऊ दे. कार्ड शनिवारी विकू नये, प्रशांतने तीन ठिकाणी भाव विचारून यादीवर टाकावेत.

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, रात्री ८:२०

चर्चला द्यायला हरकत नाही, पण मग आपल्या देवळाच्या अन्नदानाचं काय? ते गेल्या वर्षापासून मागतायत.

---

प्रेषक: सुलभा
गुरुवार, रात्री ९:४५

अण्णा, देवळाचा विषय वेगळ्या ईमेलमध्ये.

आजींना मी उद्या पुरणपोळी घेऊन भेटते, मंदार, तुझ्याबरोबर. क्लेमेंटे आणि बाकीची दहा प्रशांतकडे आज रात्री दिली, मोजून, वृषालीसमोर. प्रशांत, कालचं मनाला लावून घेऊ नकोस, चहा न घेता गेलास.

उरलेला खोका ५ डॉलरच. रिप्रिंट मँटल त्यातच आहे, वर मोठ्या अक्षरात “नक्कल” लिहिलंय. कार्डावर नाही, पाकिटावर. शनिवारी साडेपाचला दारात मी आणि अनिल बसणार आहोत, कोणी तरी थर्मास आणा. अण्णांनी लॅमिनेटर आणू नये.

सुलभा