मदत हवी आहे: मॉर्मन मंदिरातलं लग्न

मंडळी, शेजारच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या युटाहमधल्या प्रोव्हो सिटी सेंटर या मॉर्मन (ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ) मंदिरात आहे. (2010 च्या आगीतून वाचलेल्या भिंती राखून बांधलेली सुंदर वास्तू, 2016 पासून सुरू.) आम्ही त्या पंथाचे सदस्य नाही, मंदिरप्रवेशासाठी लागणारं पंथाचं शिफारसपत्र नाही, त्यामुळे आत प्रवेश नाही, हे माहीत आहे.

वाचून एवढं कळलं: रविवारची उपासना वेगळ्या सभागृहात होते. मंदिर आहे ते पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा आणि पती-पत्नीला मृत्यूपलीकडेही जोडणाऱ्या 'सीलिंग'साठी. आपल्या सात जन्मांहून लांबची ही गाठ मनाला भिडली.

अशा लग्नाला गेलेल्यांनी सांगा: बाहेर थांबणाऱ्यांनी किती वाजता, कुठे उभं राहायचं? आणि सीलिंगचा अर्थ वधूच्या आईला विचारला तर चालेल, की तो प्रश्न त्यांना खाजगी वाटेल?